गादीवरचा हात

बायको "नको" म्हणाली. गादीच्या दुकानात बायकोने नको म्हणण्यात तसं नवल काहीच नाही. नको म्हणणं हा खरेदीचाच एक भाग असतो आणि आमच्या घरी तो भाग तिच्याकडे आहे. पण ती ज्या आवाजात म्हणाली, तो आवाज मी एकतीस वर्षांच्या संसारात ऐकला नव्हता. पलीकडे उशा दाबून बघणारं एक जोडपं दाबायचं थांबलं आणि आमच्याकडे बघायला लागलं. विक्रेत्या बाई बसल्या जागी थिजल्या. त्या बिचाऱ्यांनी वावगं काहीच केलं नव्हतं. मेमरी फोमच्या गादीच्या एका कडेला त्यांनी काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवला होता आणि दुसऱ्या कडेला स्वतःचा चांगला ऐसपैस देह धपकन टेकवला होता. पाणी हललं नाही. "बघा," त्या म्हणाल्या होत्या, "थेंब सांडला नाही. सर इकडे कितीही लोळू देत, मॅडमना पत्तासुद्धा लागणार नाही." बायको त्या ग्लासाशेजारीच हात टेकून बसली होती. ती ताडकन उठली आणि म्हणाली, "नको." ती उठली तरीही ग्लासातलं पाणी जागच्या जागी होतं, आणि खरं सांगायचं तर त्या अवघडलेल्या क्षणीसुद्धा मला गादीचं कौतुक वाटलं.

"काय नको?" मी विचारलं.

"ही नको. दुसरी बघू."

"अगं, पण कारण तरी सांग. मऊ आहे? कडक आहे? गरम होते?"

"नको म्हणजे नको," ती म्हणाली आणि पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळत पुढच्या पलंगाकडे गेली. विक्रेत्या बाईंनी ग्लास उचलला, त्यातलं अर्धं पाणी पिऊन टाकलं आणि मला म्हणाल्या, "होतं असं. गादी म्हटली की घरचं सगळं बाहेर येतं." मी हसलो. हसायला नको होतं, कारण त्यांचं ते वाक्य मग माझ्या डोक्यातून हलेना. घरचं सगळं म्हणजे काय? आमच्या घरचं काय बाहेर येणार होतं? इतके दिवस जे मी स्वतःशीसुद्धा धड बोललो नव्हतो ते या परक्या बाईला एका नकारात दिसलं होतं की काय, असं वाटून मी घाईघाईने बायकोच्या मागे गेलो.

आम्ही आलो होतो ते तिच्यासाठी. तिची झोप उडाली होती, आजकाल नाही, दहा महिने झाले. ती रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. सव्वीस वर्षं झाली. सकाळी सातला पांढरा कोट घालायचा, नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवायच्या आणि पेशी मोजायच्या. सव्वीस वर्षांत तिची एक चूक नाही. घरी मी मीठ म्हणून सोडा आणला की ती नुसत्या नजरेने ओळखते. अशा बाईने गेल्या आठवड्यात दोन नळ्यांच्या चिठ्ठ्या अदलाबदल करून लावल्या. एक नळी धडधाकट तरुणाची, दुसरी पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या बाईंची. अहवाल जायच्या आत तिचा तिलाच संशय आला, तिने पुन्हा तपासलं आणि स्वतः जाऊन मुख्य डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर भला माणूस. म्हणाले, "ताई, आठ दिवस घरी बसा. झोप काढा. सोमवारी या. पण पुन्हा असं झालं तर तुम्हाला काचपट्ट्यांवरून काढून खिडकीवर बसवावं लागेल, माझाही इलाज नाही." खिडकी म्हणजे चिठ्ठ्या फाडून लोकांना अहवाल वाटायची खिडकी. हे तिने मला कपड्यांच्या घड्या घालता घालता सांगितलं, आणि त्या दिवशी माझ्या शर्टाची घडी तिने चारदा मोडून चारदा घातली. आज शनिवार होता. आठांतले सहा दिवस गेले होते आणि या सहा दिवसांत ती झोपली नव्हती. डोळे मिटून पडायची, पण झोपलेल्या माणसाचा चेहरा कसा सैल पडतो तसा तिचा पडत नव्हता. गॅसपुढे उभ्या उभ्या डुलकी लागून तिने काल मनगट भाजून घेतलं होतं. सोमवारी ती तशीच जाऊन त्या नळ्यांपुढे बसणार होती.

मी लिफ्टवाला माणूस. म्हणजे इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करतो, आता हाताखाली सहा जण आहेत. आमच्या धंद्यात बिघाड म्हणजे रडगाणं नसतं, बिघाडाला कारण असतं आणि कारणाला पाना असतो. तेव्हा मी कारण शोधलं. आमची गादी मुलीच्या जन्माच्या वर्षी घेतलेली, आतल्या स्प्रिंगा आता एकेकट्या कुरकुरतात, मधोमध खड्डा पडलाय, आणि एकाने कूस बदलली की दुसरा होडीत बसल्यासारखा वरखाली होतो. मुलीला फोन केला. ती लांबच्या शहरात असते आणि आमच्या घरातल्या प्रत्येक वस्तूवर तिचं मत असतं. "बाबा, ती गादी आता वस्तुसंग्रहालयाला द्या," ती म्हणाली. "मेमरी फोम घ्या. तुमच्या कंबरेला आधार मिळेल आणि तुमची हालचाल आईकडे पोचणार नाही. आईला झोप कशी लागेल? शेजारी शिलाई मशीन चालू!" शिलाई मशीन म्हणजे माझा उजवा पाय. झोपेत माझं पाऊल हलतं, म्हणजे हलायचं, पायडल मारल्यासारखं, रात्रभर. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात बायकोने मला हलवून विचारलं होतं, "अहो, कुठे निघालात?" पुढे मुलगी लहान असताना आमच्या मध्ये झोपायची आणि सकाळी सांगायची, आज बाबांनी इतकी पोलकी शिवली. पण ती गोष्ट जुनी झाली. दहा महिन्यांपूर्वी हृदयाचा झटका आला, हॉस्पिटलमधून आलो तेव्हापासून रोज सात गोळ्या चालू आहेत आणि त्यांतल्या कुठल्या तरी गोळीने माझा पाय हलायचा थांबला. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, छान झालं, तुम्हालाही विश्रांती आणि घरच्यांनाही. हे मुलीला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, आणि तिथेच माझी गोची होती. पाय हलत होता तेव्हा बायको एकवीस वर्षांच्या पोरीसारखी गाढ झोपायची. पाय थांबला आणि तिची झोप गेली. म्हणजे कारण हालचाल नव्हतं. मग कारण काय उरतं? गादीवर दोनच माणसं असतात. त्यांतलं एक ती.

दुसरी गादी जाड होती, दहा इंची. विक्रेत्या बाईंनी फोमचा एक तुकडा माझ्या हातात दिला, मूठ वळायला सांगितली, सोडायला सांगितली. माझ्या चार बोटांचे खळगे त्यात उमटले आणि हळूहळू भरून आले. "खालचा थर घट्ट, तो आधार देतो. वरचा मऊ, तो अंगाचा आकार घेतो," त्या म्हणाल्या. "सर, तुम्ही पडून बघा. बूट असू देत." मी पडलो. काय सांगू! कंबर गेली पंधरा वर्षं मला शिव्या घालतेय. लिफ्टच्या खड्ड्यात वाकून वाकून तिची पार वाट लागली आहे. ती कंबर त्या गादीत टेकली आणि गप्प झाली. खालून कुणीतरी तळहात धरावा तसं वाटलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, वेदनेने नाही, वेदना थांबल्यामुळे. मला ती गादी हवी होती. तिच्यासाठी आलो म्हणतो मी, पण त्या क्षणी ती मला माझ्यासाठी हवी होती, हावरटासारखी. "तू पड ना," मी बायकोला म्हणालो. ती पडली नाही. कडेवर बसली आणि तिने उजवा तळहात पालथा करून गादीवर ठेवला, आमच्या दोघांच्या मध्ये, बोटं फाकवून. मग दाबला. मग मान हलवली.

तो हात मी ओळखत होतो. तीन महिन्यांपूर्वी पहाटे जाग आली, खिडकीतून थोडा उजेड येत होता, आणि मला दिसलं की बायको माझ्याकडे तोंड करून पडली आहे, डोळे टक्क उघडे आहेत आणि तिचा हात आमच्या मध्ये गादीवर पालथा पसरलेला आहे. मला वाटलं सहज पडलाय. मी थोडा तिच्याकडे सरकलो तर ती दचकून म्हणाली, "काय झालं?" "काही नाही," मी म्हणालो. दुसऱ्या दिवशीही तो हात तिथेच. तिसऱ्या दिवशीही. रोज. बसमध्ये अनोळखी माणूस फार जवळ येऊ नये म्हणून बायका मध्ये पिशवी ठेवतात, तसा मला तो हात वाटायला लागला. इथपर्यंत तू, इथून पुढे मी. मी काही बोललो नाही. बोलायचं काय? तू माझ्यापासून हद्द का आखलीस, असं अठ्ठावन्नाव्या वर्षी बायकोला विचारायचं? दिवसा तिच्या वागण्यात बोट ठेवायला जागा नव्हती. सात गोळ्या सात खणांत भरून ठेवायची, जिना चढताना दोन पायऱ्या मागे राहायची, जेवणात मीठ मोजून घालायची. ते सगळं कर्तव्य म्हणूनही करता येतं. नर्सही करते. मला वाटायचं, हिने त्या दुपारी मला मेलेला पाहिलं आणि तेव्हापासून हिच्या मनातून मी उतरलो. जिवंत असलो तरी तिच्या अंथरुणात एक मेलेला माणूस येऊन पडतो. या विचाराने मला तिचा राग यायचा, आणि रागाखाली अशी भीती वाटायची की मीही टक्क जागा राहायचो, पण डोळे मिटून. म्हणजे आम्ही दोघंही जागे, आणि दोघंही एकमेकांना फसवतोय.

ती दुपार रविवारची होती. जेवून आडवे झालो होतो. छातीवर काहीतरी बसलं, डावा हात जड झाला, आणि मी हाक मारली. "अगं," अशी. ती उठली, पुढचं मला आठवत नाही. पाच दिवसांनी शुद्धीत गप्पा मारायला लागलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, अजून दहा मिनिटं गेली असती तर भेट झाली नसती. मी म्हणालो, "वेळेवर हिला हाक मारली म्हणून." तेव्हापासून ही गोष्ट मी शंभर जणांना सांगितली असेल. माझ्या हाताखालच्या सहा जणांना तर उपदेशासकट, की संकटात तोंड उघडायला शिका. आत्ताही मी ती विक्रेत्या बाईंना सांगितली. त्यांनी कंबरेला काही त्रास आहे का विचारलं होतं, मी हृदयापासून सुरुवात केली. बायको तेव्हा तिसऱ्या गादीच्या कोपऱ्यावरची शिवण बघत होती. मी "वेळेवर हाक मारली" या वाक्यावर आलो तेव्हा तिने मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा शिवण बघायला लागली. दरवेळी ती असंच करते. त्या वेळी मला वाटायचं, तिला ती आठवण सोसत नाही.

तिसरीही नको झाली. चौथी नको. पाचवीवर तिने नुसता हात ठेवला आणि उचलला. विक्रेत्या बाई तोंडाने गोड होत्या, पण गळ्यातली टेप त्या आता हिसके देऊन गुंडाळत होत्या. आणि मग एका कोपऱ्यात, खांबाआड, जिथे बहुतेक मोडीत काढायचा माल ठेवतात तिथे, बायकोला एक साधी स्प्रिंगची गादी दिसली. पातळ, फुलाफुलांच्या खोळीची. ती तिच्यावर बसली, हात ठेवला, आणि म्हणाली, "अहो, जरा त्या बाजूला बसा." मी बसलो. ती वर उचलली गेली, खाली आली, गादी कुंईऽ करून बराच वेळ डुलत राहिली. "ही घेऊ," बायको म्हणाली. इतक्या वेळात पहिल्यांदा तिचा चेहरा निवळला होता.

"ही?" मी म्हणालो. "अगं, ही गादी आहे की झोपाळा? यावर मी नुसता शिंकलो तरी तू छताला लागशील."

"चालेल."

"मॅडम, ही सहा महिन्यांत बसेल," विक्रेत्या बाई म्हणाल्या. "सरांच्या कंबरेचं तर..."

"माझ्या कंबरेचं राहू द्या," मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला. "हिला झोप हवी आहे. झोपेसाठी आलोय आम्ही. आणि झोपेसाठी दुकानातली सगळ्यात हलणारी गादी हिला पसंत पडते!" मला तेव्हा काय झालं कुणास ठाऊक. इतके महिने दाबून ठेवलेलं असं फुलाफुलांच्या गादीवर बाहेर पडलं. "त्यापेक्षा दोन वेगळ्या गाद्या घेऊ. सरळ. तू आतल्या खोलीत झोप, मी बाहेरच्या. म्हणजे मध्ये हात ठेवायची गरज नाही."

बोललो आणि जीभ चावली. उशावालं जोडपं निघून गेलं होतं, दुकानात आम्ही तिघंच होतो आणि छतावरच्या ट्यूबलाइटचा गुणगुणाट तेवढा ऐकू येत होता. बायकोच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मला बरं वाटलं असतं. राग आला नाही. ती पांढरी पडली. "वेगळ्या खोलीत?" ती म्हणाली. "तुम्ही? एकटे?" आणि मग, अगदी हळू, "कोणता हात?"

विक्रेत्या बाई शहाण्या. भांडण म्हणजे त्यांच्या दृष्टीने अडकलेला सौदा, तो सोडवायची त्यांची रीत ठरलेली होती. "असं करा," त्या म्हणाल्या, "दोघांनी मिळून एकदा त्या दहा इंचीवर पडा. घरी झोपता तसे. पाच मिनिटं. मी बोलणार नाही, काही विकणार नाही. मग ठरवा." आम्ही गेलो. दोन शाळकरी मुलांना शिक्षा म्हणून एका बाकावर बसवावं तसे दहा इंचीवर जाऊन पडलो. वर पांढरं छत होतं, त्यात आग विझवायची एक नळी. कंबर पुन्हा गप्प झाली. आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगतो. कुठल्याही यंत्राची चाचणी घ्यायची तर आधी सगळं थांबवायचं. मोटर बंद, पंखा बंद, गप्पा बंद. सगळं निपचित झालं की मगच पुढे हात लावायचा. मला ही चाचणी प्रामाणिक व्हायला हवी होती. तिला माझा जराही उपद्रव नसताना, मी जणू नाहीच असं असताना, तिला बरं वाटतं का, हे मला एकदाचं कळायला हवं होतं. म्हणून मी निपचित पडलो. हात अंगाला लावले, डोळे मिटले, श्वाससुद्धा वरच्या वर घ्यायला लागलो.

निपचित पडल्या पडल्या मला ती नऊमजली इमारत आठवली. मी नको म्हणत असताना आठवली. वरच्या मजल्यावरच्या कुटुंबाची तक्रार होती की लिफ्टच्या मोटरने घराची भिंत थरथरते, भांडी वाजतात. मी मोटरखाली जाड रबराचे पॅड बसवले. थरथर गेली. भांडी गप्प झाली. सोसायटीने माझं कौतुक केलं. पाच महिन्यांनी लिफ्ट सहा आणि सातच्या मध्ये अडकली, आत एक बाई पाऊण तास घुसमटत उभी. मोटरचं बेअरिंग पार झिजून गेलं होतं, कित्येक आठवडे खरखरत असणार. तिथला पहारेकरी म्हातारा होता, रोज सकाळी जिन्याच्या भिंतीला हात लावून बसायची त्याला सवय. तो मला म्हणाला, "साहेब, आधी मला हाताला कळायचं. मोटर बरी आहे, नाही, सगळं हाताला कळायचं. तुम्ही रबर लावलंत आणि भिंत मुकी झाली. मला काही कळलंच नाही." त्या दिवसापासून मी पोरांना शिकवतो की आधी भिंतीवर तळहात ठेवा, पालथा, बोटं फाकवून. कान फसतात, हात फसत नाही. मी स्वतः तसा हात हजारदा ठेवला आहे. पालथा. बोटं फाकवून. मी डोळे मिटून त्या गादीवर पडलो होतो आणि माझ्या मिटलेल्या डोळ्यांपुढे एक हात होता, आणि तो माझा नव्हता, आणि मला काहीतरी समजायला लागलं होतं, पण ते पुरतं समजायच्या आत कुणीतरी माझा खांदा धरून मला गदागदा हलवलं.

"हला!" बायको ओरडली. "अहो, हला! हला ना!"

मी डोळे उघडले. ती गुडघ्यांवर उठून बसली होती, एक हात माझ्या खांद्यावर, दुसरा छातीवर, शर्टाच्या गुंड्यांमधून आत. माझं हृदय तिच्या हाताखाली धडधडत होतं. ते तिला जाणवलं आणि ती मटकन खाली बसली. "काही कळत नाही," ती म्हणाली. "या गाद्यांवर काही कळतच नाही. तुम्ही आहात का नाही, काही कळत नाही." आणि ती रडायला लागली, दुकानात, सगळ्या दिव्यांच्या उजेडात, पदराने तोंडसुद्धा न झाकता.

मी उठून बसलो. "अगं, आहे मी. आहे."

"त्या दिवशी तुम्हाला वाटतं तसं झालं नव्हतं," ती म्हणाली. "तुम्ही हाक मारली नव्हती."

"मारली होती. मला आठवतंय. अगं, म्हणून मी..."

"नव्हती मारली. मी झोपले होते, तुमच्याकडे पाठ करून. तुम्ही काही म्हणाला नाहीत, हूं की चूं नाही." तिने नाक पुसलं. "तुमचा पाय थांबला. एकतीस वर्षं माझी गादी हलतेय. ती थांबली आणि मी जागी झाले. वळून बघितलं तर तुम्ही निळे." मग म्हणाली, "आता तर तो पाय हलतच नाही. मग मी कशाने जागी होऊ? म्हणून हात ठेवते. हाताखाली थोडं कळतं, श्वासाचं. त्या जुन्या गादीवर कळतं. झोप लागली की हात बधिर होतो, म्हणून झोपायचं नाही."

"इतके दिवस सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही हाकेचं सगळ्यांना सांगत होता. इतकं कौतुकाने सांगत होता. म्हटलं, तुम्हाला तेवढा धीर आहे तर असू दे."

मला त्या वेळी जे वाटलं ते मी नीट सांगू शकत नाही. शरम वाटली, ती तर उघडच. पण भीती त्याहून मोठी होती. मी दहा महिने समजून होतो की माझ्यात काहीतरी शिल्लक आहे, वेळ आली तर मी ओरडेन, कुणाला तरी बोलावेन. तसलं काही नव्हतं. मी बिनबोभाट निघून चाललो होतो. मध्ये फक्त एक कुरकुरणारी गादी होती आणि एक बाई, जिला तिची सवय होती. आणि त्या बाईचा हात मी हद्द समजून बसलो होतो, मी, जो जन्मभर भिंतींवर हात ठेवून पोट भरतो. मी तिची माफी मागायला हवी होती. पण शब्द जुळेनात, आणि आमच्यात तशी पद्धतही नाही. मी म्हणालो, "चल, त्या फुलाफुलांच्यावर पडून बघू."

"राहू दे आता. घरी जाऊ."

"पाच मिनिटं. चल."

खांबाआडच्या त्या गादीवर आम्ही पडलो. कंबरेत लगेच कळ आली, एक स्प्रिंग नेमकी तिथे टोचत होती. बायको माझ्याकडे पाठ करून निजली, पूर्वी निजायची तशी, आणि तिचा हात सवयीने मागे आला, गादीवर, आमच्या मध्ये. मी बूट काढला. उजवं पाऊल हलवायला लागलो. झोपेत जे एकतीस वर्षं आपोआप होत होतं ते जागेपणी किती अवघड असतं म्हणून सांगू! लय चुकायची, पोटरी ताणायची. पण गादी हलायला लागली. कुंई, कुंई, थोडी वर, थोडी खाली. विक्रेत्या बाई खांबाशी येऊन उभ्या राहिल्या. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. दोन-तीन मिनिटांनी बायकोचा मागे आलेला हात सैल पडला. बोटं मिटली. मग तो हळूच पुढे गेला, तिच्या गालाखाली. तिच्या मानेवरची शीर मला दिसत होती. खांदा सावकाश वरखाली व्हायला लागला आणि तोंडातून बारीक फुर्र आवाज यायला लागला. ती झोपली होती. भर दुपारी, परक्या दुकानात, चपला घालून.

"सर," विक्रेत्या बाई कुजबुजल्या, "मग कुठली देऊ?" मी तोंडावर बोट ठेवलं. त्यांनी मान डोलावली आणि जाऊन दारावरची पाटी उलटी केली. माझ्या पोटरीत आता गोळा येत होता, कंबर ओरडत होती आणि डॉक्टरांनी दगदग करू नका म्हणून बजावलेलं आठवत होतं. म्हटलं, आता लागली आहे गाढ झोप, जरा थांबून बघू. मी पाऊल थांबवलं. गादी एकदा डुलली, दोनदा डुलली, आणि स्थिर झाली. बायकोचा श्वास अडला. तिने डोळे उघडले नाहीत, पण गालाखालचा हात निघाला आणि गादीवर मागे यायला लागला, चाचपत. मी घाईघाईने पाय हलवायला लागलो.